चार तासं फवारायची राहू दिली

२०२३ च्या दिवाळीला भाचा जिंतूरहून सेलूला आला आणि फराळाला बसायच्या आधी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. शेअरच्या चार्टवर हिरवे बाण होते, म्हणजे इथे घ्या अशी खूण. प्रत्येक बाणानंतर भाव वर गेलेला. "मामा, शंभरातले पंच्याऐंशी बरोबर येतात. महिना झाला, मी रोज बघायलो."

त्या साली ऑगस्ट कोरडा गेला होता. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सोयाबीन ऐन शेंगा धरायच्या बेतात असताना पावसाने ओढ दिली आणि बहिणीच्या शेतात एकरी चार पोत्यांच्या वर रास झाली नाही. ती विकून, वर थोड्या कापसाचे असे दीड लाख हाती आले होते. ते त्याला शेअर बाजारात घालायचे होते. बाण शिकवणाऱ्या क्लासची फी तर त्याने आधीच भरली होती.

मी त्याला एकदम नको म्हणालो नाही. २०२१-२२ मध्ये मी स्वतः ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, बेचाळीस हजार घालवले होते आणि वर्षभर घरात त्याबद्दल बोललो नव्हतो. जानेवारी २०२३ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा अभ्यास आला, त्यात वाचलं की त्याच वर्षी एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ८९ टक्के तोट्यात होते. त्यातल्या बहुतेकांकडे कधी घ्यायचं-विकायचं ते सांगणारा कुठला ना कुठला सिग्नल असणारच. माझ्याकडे तीन होते. त्यातल्या एकाचीही मी परीक्षा घेतली नव्हती. पैसे गेल्यापेक्षा हे मला जास्त लागलं होतं, कारण परीक्षा कशी घ्यायची ते मला शिकवलेलं होतं.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री केलं. तिथे चाचणीच्या प्लॉटवर उभं राहून नोंदी घेतल्या आहेत. नवा वाण कितीही चांगला दिसो, त्याच्या शेजारी माहितीतला जुना वाण लावल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचं नाही. सोयाबीनच्या जेएस-३३५ च्या बाजूला एमएयूएस-७१, तीच जमीन, तीच पेरणीची तारीख, तेच खत. कुठल्या वाफ्यात काय लावायचं ते आपल्या मर्जीने ठरवायचं नाही, ते सोडतीसारखं ठरतं. नाहीतर माणूस नकळत आवडत्या वाणाला चांगली माती देतो. आणि एका हंगामावर निकाल नाही, निदान तीन हंगाम.

आता मोंढ्याजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे. दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी टॉनिक घेऊन येतं आणि शेंगांनी लगडलेल्या झाडाचा फोटो दाखवतं. माझा प्रश्न ठरलेला असतो: त्याच शेतात चार तासं बिनफवारलेली ठेवली होती का? तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ. ती चार तासं नसतील, तर शेंगा टॉनिकने आल्या का पावसाने, हे सांगणार कोण? भाच्याला मी एवढंच म्हणालो, "तुझ्या बाणाची बिनफवारलेली तासं दाखव. तोवर पैसे बँकेत राहू दे. मार्चपर्यंत बघू." तो नाराज झाला, पण थांबला.

पहिलं काम सोपं होतं. रोज दुपारी बाजार साडेतीनला बंद झाला की तीन-चाळीसला त्याने त्याच वीस शेअर्सच्या चार्टचा फोटो काढून मला पाठवायचा. सहा आठवडे हे चाललं. मग एका रविवारी आम्ही जुने फोटो आणि ताजे चार्ट शेजारी ठेवले. सहा आठवड्यांत त्या-त्या दिवशी दिसलेले बाण २७ होते. त्यातले ९ आता चार्टवर नव्हतेच, किंवा दोन-तीन कँडल (कँडल म्हणजे चार्टवरची एका दिवसाच्या भावाची पट्टी) मागे सरकून बरोबर तळाशी जाऊन बसले होते. भाचा कितीतरी वेळ मोबाइल खाली-वर करत राहिला. ह्यात जादू काही नव्हती. काही इंडिकेटर पुढच्या कँडल बघून मागचा तळ ठरवतात, आणि नवी कँडल आली की जुना बाण पुसून दुसरीकडे काढतात. म्हणून जुन्या चार्टवर ते कधीच चुकलेले दिसत नाहीत. तुमच्याकडे असा बाण असेल, तर दुसरं काही करण्याआधी हे फोटो काढा. त्याला पैसे लागत नाहीत.

तरी पंच्याऐंशीचा आकडा कुठून आला, हे मला कळत नव्हतं. क्लासने दाखवलेले सौदे खोटे नव्हते. मग भाच्याने त्याची वही काढली. नियम असा होता: दोन टक्के नफा झाला की विकायचं, आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा सोसून बाहेर पडायची रेघ, दहा टक्क्यांवर. ते वाचल्यावर मी गल्ल्यातून एक रुपयाचं नाणं काढलं. छापा आला की एक पायरी वर, काटा आला की एक पायरी खाली. दोन पायऱ्या वर गेलो तर जिंकलो, दहा पायऱ्या खाली गेलो तर हरलो. दुकान बंद करून आम्ही दोघं रात्री साडेअकरापर्यंत नाणं उडवत बसलो. ३० डाव झाले. त्यातले २५ जिंकलो.

गणितानेही तेच येतं. अशा खेळात जिंकायची शक्यता बारात दहा, म्हणजे ८३ टक्के. नाण्याला शेअर बाजारातलं काही कळत नाही, तरी ते शंभरात ८३ वेळा "बरोबर" येतं. आता हिशेब करा. ८३ वेळा दोन-दोन मिळाले तर १६६, आणि १७ वेळा दहा-दहा गेले तर १७०. हाती काही उरलं नाही, वर दलाली आणि कर वेगळे. भाच्याच्या चेहऱ्यावर त्या रात्री जे दिसलं ते मी विसरणार नाही. त्याची चूक नव्हती. शंभरात किती बरोबर, हा प्रश्नच एंट्रीबद्दल, म्हणजे शेअर कधी घ्यायचा त्याबद्दल, काही सांगत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने तो आकडा एंट्रीचा मानला होता, आणि तो होता विकायच्या नियमाचा.

तेव्हाच आमची चाचणी ठरली. एंट्री तपासायची, तर विकायचा नियम अगदी साधा आणि दोन्ही बाजूंना सारखा हवा. टार्गेट नाही, स्टॉपलॉस नाही. घेतल्यापासून दहाव्या दिवशी बाजार बंद होताना जो भाव असेल त्याला विकलं असं धरायचं. बाण बाजूला ठेवले आणि शब्दांत लिहिता येईल असा एकच नियम घेतला: शेअर गेल्या वीस दिवसांतल्या सर्वोच्च भावाच्या वर बंद झाला आणि त्या दिवशीचा व्हॉल्यूम (किती शेअर्सची उलाढाल झाली तो आकडा) वीस दिवसांच्या सरासरीच्या दुप्पट असला, तर सिग्नल. आपल्याकडे ज्याला सगळे ब्रेकआउट म्हणतात तोच. हे कागदावर लिहून खाली तारीख घातली आणि दोघांनी सह्या केल्या. सही करायचा आग्रह माझा होता. मध्येच नियम बदलायचा मोह काय असतो हे मी पाहिलेलं होतं.

मुलगी नांदेडला इंजिनीअरिंगला आहे. नाताळच्या सुट्टीत ती घरी आली आणि काम तिच्या हातात गेलं. एनएसई या शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून तिने २०१६ ते २०२३ चे रोजचे भाव उतरवले. त्यातली २०२१ ते २०२३ ही तीन वर्षं न उघडता पेनड्राइव्हवर टाकली आणि पेनड्राइव्ह मी दुकानाच्या तिजोरीत ठेवला. घरात कितीही ओढाताण असली तरी पेरणीचं बियाणं खायला काढत नाहीत, तसंच ते. आधी पाच वर्षांवर जे करायचं ते करायचं, शेवटी एकदाच ते कुलूप काढायचं.

मग चुका सापडत गेल्या, आणि बहुतेक माझ्या होत्या. उतरवलेले भाव कच्चे होते. सप्टेंबर २०१८ मध्ये इन्फोसिसने एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट, आणि भाव एका रात्रीत निम्मा झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये एचडीएफसी बँकेच्या एका शेअरचे दोन झाले, तिथेही तेच. आमच्या तक्त्यात हे पन्नास टक्के तोट्याचे सौदे म्हणून बसले होते. ते सरळ करण्यात दोन दिवस गेले.

त्याहून मोठी चूक मुलीने एका प्रश्नात दाखवली. "पप्पा, हे तीस शेअर तुम्ही कसे निवडले?" मी आजच्या निफ्टीच्या, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेल्या निर्देशांकाच्या, यादीतून मोठी मोठी नावं घेतली होती. म्हणजे २०१६ पासून जे टिकले, वाढले, तेच. जे मध्येच पडले ते माझ्या शेतात कधी पेरलेच गेले नव्हते. येस बँक २०१६ मध्ये निफ्टीत होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा शेअर चारशेच्या आसपास होता, ६ मार्च २०२० ला तो वीसच्या खाली बंद झाला आणि त्याच महिन्यात ती निफ्टीतून बाहेर गेली. माझ्या यादीत ती नव्हतीच. आम्ही जानेवारी २०१६ ची यादी शोधली, त्यातून चिठ्ठ्या टाकून तीस नावं काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चिठ्ठीत येस बँक आली, तेव्हा भाचा म्हणाला, "बरं झालं आली."

आता भावाचा मुद्दा. त्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण शिकवणारे लोक इथेच घाई करतात. ब्रेकआउट झाला हे कधी कळतं? साडेतीनला, बाजार बंद झाल्यावर. मग त्या दिवसाच्या बंद भावाला तुम्ही शेअर घेणार कसा? खरा भाव मिळतो दुसऱ्या दिवशी सव्वानऊला, आणि ज्या शेअरवर आदल्या संध्याकाळी सगळ्यांचं लक्ष गेलं तो बऱ्याचदा वरच उघडतो. आम्ही आधी बंद भावाने हिशेब केला होता. पाच वर्षांत ८१२ सिग्नल मिळाले आणि त्यातले ४६८ नफ्यात. शंभरात साडेसत्तावन्न. भाचा खूश होता. मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या भावाने तोच हिशेब केला, तर नफ्यातले ४४७ राहिले. म्हणजे ५५. चार्टवर दोन्ही सौद्यांचा बाण एकाच कँडलखाली दिसतो. फरक फक्त एका रात्रीचा आहे, आणि चांगल्यापैकी नफा त्या रात्रीतच जातो, जेव्हा आपल्याकडे शेअर नसतो.

आता बिनफवारलेली तासं. मुलीने प्रोग्राम लिहिला: प्रत्येक शेअरला जितके सिग्नल आले, तितक्याच तारखा त्याच शेअरसाठी त्याच पाच वर्षांतून चिठ्ठी काढल्यासारख्या डोळे मिटून उचलायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचं, दहाव्या दिवशी विकायचं. ८१२ सौद्यांचा असा एक संच झाला की तो मोजायचा, मग पुन्हा नव्या तारखा. असं हजार वेळा. जुन्या लॅपटॉपवर ते रात्रभर चाललं. सकाळी मी दुकानाला निघालो तेव्हा ती चहा घेऊन बसली होती. म्हणाली, "सरासरी ५४ येतीय, पप्पा. आणि हजारात ३१० वेळा चिठ्ठीने सिग्नलला मागं टाकलंय."

म्हणजे हे शेअर कधीही, काहीही न बघता घेतले असते, तरी शंभरात ५४ वेळा दहा दिवसांनी नफा दिसला असता. सिग्नलचे ५५. सरासरी नफ्यातला फरक इतका बारीक होता की खर्चातच गेला असता. पन्नास हजारांची डिलिव्हरी घेऊन विकली तर घेताना आणि विकताना दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी हा सौद्यावरचा कर, म्हणजे शंभर रुपये. वर स्टॅम्प ड्युटी, डीपीचे (शेअर ठेवायच्या खात्याचे) पैसे, बाकीचं किरकोळ धरून सव्वाशेच्या आसपास. दलाली शून्य असली तरी हे द्यावंच लागतं.

भाच्याने हार मानली नाही, आणि त्याने मानू नये असंच मला वाटत होतं. वीसऐवजी पंचवीस दिवस घेऊन बघू, सोबत भावाचा जोर मोजणारा आरएसआय लावू, त्याचा आकडा ५५ ठेवू, ६० ठेवू. आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला तो १४ दिवसांचा, ह्याने ९ दिवसांचाही घेतला. सगळे मिळून ३६ प्रकार झाले. त्यातला एक ६१ वर गेला. रात्री दहाला त्याचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. मला त्याला थांबवावंसं वाटलं नाही, पण शंका होती. कशातच काही अर्थ नसलेले वीस नियम तपासले, आणि निव्वळ योगायोगाने एखादा चांगला दिसायची शक्यता प्रत्येकाला वीसात एक असली, तरी निदान एक तरी चांगला दिसायची शक्यता ६४ टक्के होते. आम्ही तर ३६ तपासले होते, आणि सगळे एकमेकांचे भाऊबंद.

दुसरीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सिग्नल एकेकटे येत नाहीत. बाजाराने उसळी घेतली की एकाच आठवड्यात तीसमधल्या चौदा शेअर्सना सिग्नल. ते चौदा साक्षीदार नव्हेत, एकच पाऊस चौदा शेतांवर पडलेला आहे. ६१ चा बराचसा भाग २०२० च्या उन्हाळ्यानंतरच्या अशाच घोळक्यांतून आला होता. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला होता आणि पुढच्या दीड-एक वर्षात १८,००० च्या वर गेला. चांगल्या पावसाच्या वर्षी कुठलंही टॉनिक लागू पडतं. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या २०१६ च्या उन्हाळ्याच्या आदल्या दोन्ही खरिपांत ज्यांनी दुकानदारी केली आहे, त्यांना कोरड्या वर्षाची नोंद किती महत्त्वाची हे सांगावं लागत नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी तिजोरीतला पेनड्राइव्ह काढला. मुलगी नांदेडहून फोनवर होती. ६१ वाला नियम, काहीही न बदलता, तीन नव्या वर्षांवर चालवला. ५४ आले. त्याच तीन वर्षांत चिठ्ठीचे ५५. भाचा थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने विचारलं, "परत एकदा बदलून बघू का?" आणि माझ्या बोलायच्या आधी स्वतःच म्हणाला, "नको. हे बी आता वापरून झालं."

एवढ्यावरून ब्रेकआउट सगळीकडेच निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. आम्ही एक नियम, मोठे शेअर आणि दहा दिवस तपासले. महिनोन्महिने शेअर धरून ठेवणाऱ्याचं गणित वेगळं येऊ शकतं, विकायचा नियम चांगला असेल तर वेगळं येऊ शकतं. माझं म्हणणं इतकंच की ज्याने तुलनेचा प्लॉट लावला नाही, त्याच्या आकड्यावर घरातला एक रुपयाही लावू नये, मग तो माणूस कितीही भला असो. क्लासवाल्यांना भाच्याने सेबीचा नोंदणी क्रमांक विचारला. शेअरबद्दल सल्ला देणाऱ्या रिसर्च ॲनालिस्टचा तो आयएनएच अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यानंतर त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

एप्रिल २०२४ पासून त्याने वहीवर सुरुवात केली, पैसे न लावता. वहीला दोन रकाने आहेत. डाव्या बाजूला सिग्नल आला तो शेअर. उजव्या बाजूला त्याच संध्याकाळी चिठ्ठीतून निघालेला शेअर. तीस चिठ्ठ्या बियाण्याच्या एका रिकाम्या डब्यात आहेत, आणि त्या काढायचं काम त्याच्या आजीकडे. ४ जूनला निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. त्या दिवशी दोन्ही रकान्यांत सारखीच पडझड होती. मृगाच्या पेरणीच्या गर्दीत मला वही बघायला वेळ मिळाला नाही, पण त्याने एकही संध्याकाळ सोडली नाही. सप्टेंबरमध्ये निफ्टी २६,००० च्या वर होता आणि दोन्ही रकाने हिरवे. मार्च २०२५ पर्यंत तो २२,००० च्या आसपास उतरला आणि दोन्ही लाल.

वर्षभरात डाव्या रकान्यात ५८ सौदे झाले, उजव्यातही ५८. डावीकडे २९ नफ्यात, उजवीकडे ३०. मागच्या महिन्यात तो दुकानात आला आणि नवी वही मागितली. ह्या वेळी नियम दुसरा आहे, पडलेल्या बाजारात घ्यायचा, आणि तो त्याने आधीच लिहून, तारीख घालून आणला होता. मी सही केली. दीड लाखांपैकी एक लाखाची एफडी आहे, उरलेल्यात त्याने ठिबकचे पाइप घेतले. डबा अजून आजीकडेच आहे.